पालथा ग्लास

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

गेले! एकटी गेले, बारच्या काउंटरला बसले, मासा खाल्ला आणि धडधाकट परत आले.

सकाळपासून जाऊ की नको चाललं होतं. त्रेसष्ट वर्षांची बाई एकटी डाउनटाउनला बारमध्ये जेवायला जाते — हॅल असता तर म्हणाला असता, "का, घरातले बटाटे संपले?" बाहेर जेवणं म्हणजे त्याच्या लेखी उधळपट्टीच. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, बटाटे काही अजून संपलेले नाहीत. शेवटी लाल स्वेटर चढवला आणि निघाले.

लिंडालच्या बारमध्ये ही गर्दी! ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झालेत, मांस बंद, मासा चालतो, तेव्हा कॅथलिक, लुथरन, कशातच नसलेले, सगळे माशाला हजर. टेबलासाठी तासभर थांबा म्हणाले. काउंटरला कोपऱ्यातलं एकच स्टूल रिकामं होतं. पर्स आधी टाकली, मग मी बसले. आणि बघते तर पुढ्यात पालथा ग्लास!

तो छोटा, बोटाएवढा. म्हणजे कुणीतरी आपल्या पुढच्या पेयाचे पैसे देऊन ठेवलेत, हवं तेव्हा ग्लास सरळ करून पुढे सरकवायचा. जन्मभर दुसऱ्यांपुढे पाहिलेत हे ग्लास. माझ्यापुढे कधी कुणी ठेवला नव्हता. हॅलने तर नाहीच, नवरा कशाला ठेवेल?

ड्यूईला विचारलं, कुणाकडून? बारमागे तो एकटाच, दोन्ही हातांत बिअरचे मग. "मार्लिस, आज मला माझं नाव विचारलंस तरी सांगता यायचं नाही. ग्लास ज्याच्यापुढे, पेय त्याचं. ब्रँडी ओल्ड फॅशन्ड, गोडच ना?"

गोडच. चेरी आणि संत्र्याची फोड घालून. पहिला घोट घेतला आणि इकडेतिकडे बघितलं, आभार तर मानायला हवेत! काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक उंच माणूस, पांढऱ्या मिशा, हिरवी लोकरी टोपी. बटाट्याचं धिरडं सफरचंदाच्या गरात बुडवता बुडवता माझ्याकडेच बघत होता. मी ग्लास उंचावून हसले. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग स्वतःचा ग्लास उंचावला. कानापर्यंत लाल झाला होता.

मी पण झाले असणार. स्वेटरमुळे कळलं नसेल.

तेवढ्यात बुटांना बर्फ लागलेला एक म्हातारा येऊन डोक्याशी उभा. म्हणे, "अहो बाई, गाडी हलवायला गेलो होतो, ही जागा माझी आहे." म्हटलं, स्टुलावर नाव दिसत नाहीये. नाव कळलं, आर्लो. जेवण होईपर्यंत माझ्या मानेवर फुरफुरत उभा होता. मजा आली!

रविवार, १८ फेब्रुवारी

बहिणीचा, फर्नचा फोन, ॲरिझोनाहून. तिकडे ती बाहेर बसून लिंबू सरबत पीत होती, हे तीन वेळा सांगितलं. "तू त्या गोठलेल्या गावात कुणाची राखण करत बसलीयस?" माझ्या घराला गिऱ्हाईक आलंय, चांगलं कुटुंब आहे, ईस्टरपर्यंत थांबायला तयार आहेत. मी घर विकायचं आणि फर्नच्या शेजारची खोली घ्यायची, असं तिचं ठरलंय. धाकटी असून थोरली झालीय.

खोटं कशाला लिहू, महिन्यापूर्वी मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

ग्लासाचं तिला सांगितलं नाही.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

परत ग्लास!! या वेळी ड्यूईने हनुवटीने दाखवलं: टोपीवाला.

मी ताट उचलून सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले. हे मी केलं. मी! नाव ऑरिन ब्रँडव्होल्ड. नदीवरच्या बंधाऱ्यात चाळीस वर्षं नोकरी, दरवाजे उघडायचे, पाणी चढवायचं, मालाच्या नावा सोडायच्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली. बोलतो कमी, पण मधेच असं काही बोलतो की घास घशात अडकतो.

"गेल्या वेळच्या ग्लासाबद्दल आभार," मी म्हटलं.

तो कोबीच्या कोशिंबिरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यात काय एवढं."

आमच्याकडच्या पुरुषांचं हे असंच. घर बांधून दिलं तरी म्हणतील, त्यात काय एवढं.

आर्लो आज जोरात होता. मेव्हणा पेय पाजतो म्हणाला होता, पाजलं नाही, म्हणे कंजूष माणसाच्या घरात बहीण दिली. सगळ्या काउंटरला ऐकवत होता. ऑरिन जरा वेळ उठून त्याच्याशी काहीतरी बोलून आला. किती सज्जन! त्यानंतर आर्लो गप्प.

शुक्रवार, १ मार्च

दुपारी तीनला केस धुतले. साडेपाचचं जेवण.

मासा उत्तम, बाहेरून कुरकुरीत, आत पांढराशुभ्र. राय ब्रेडला मी लोणी जास्त लावते, हे ऑरिनच्या लक्षात आलंय. न बोलता त्याची लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. हॅलने चौतीस वर्षांत मीठसुद्धा सरकवलं नव्हतं. हॅल चांगला होता. पण नव्हतं सरकवलं.

आर्लोपुढेसुद्धा पालथा ग्लास! त्या तोंडाला कोण पाजतंय, देव जाणे.

शुक्रवार, ८ मार्च

आम्ही डुकराची तंगडी जिंकलो!!

गावच्या मैदानातल्या दिव्यांच्या वर्गणीसाठी मांसाची सोडत होती. ड्यूईने चाक फिरवलं आणि आमचा आकडा. मी जन्मात काही जिंकले नाही, शाळेत कविता-पाठांतरातसुद्धा नाही. अशी किंचाळले की पलीकडच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं. ऑरिनने टोपी काढून बाळाची माफी मागितली.

मग ती तंगडी कागदात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी आळीपाळीने कडेवर घेऊन आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. उजेड होता अजून. कडेचा बर्फ सुटायला लागलाय. तो म्हणाला, "पहिली नाव येते ना, तेव्हा मी अजूनही बघायला जातो. येशील?" येशील म्हणाला! याल का नाही, येशील!

मी म्हटलं, "येईन." मग धीर करून, "तू बोलाव फक्त."

तंगडी सध्या माझ्या फ्रीजरमध्ये आहे. अर्धी त्याची.

रविवार, १० मार्च

फर्न: "तुझा आवाज वेगळा का येतोय?" म्हटलं, सर्दी.

गिऱ्हाईक पडद्यांची मापं घ्यायला येऊ का विचारतंय. मी म्हटलं, ईस्टरनंतर बघू. फर्न म्हणाली, "ईस्टरनंतर नाही, ईस्टरपर्यंत. हो किंवा नाही. मीही एकटीच आहे गं इथे." हे ती कधी बोलत नाही. दिवसभर तेच डोक्यात.

शुक्रवार, १५ मार्च

त्याने आज विचारलं, घर खरंच विकणार का. म्हटलं, ठरलं नाही. त्याने धिरड्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि खाल्ले नाहीत. म्हणाला, "ॲरिझोनाला नदी आहे ना गं?" म्हटलं, फर्नच्या घराजवळ तरी नाही. "मग?" म्हणाला. एवढंच. मी घरी येऊन स्वयंपाकघरात एकटीच नाचले. गुडघा दुखतोय.

फर्नला नाही म्हणणार. ठरलं!

शुक्रवार, २२ मार्च

सगळं चुकलं.

आर्लोचा मेव्हणा आला होता. गुबगुबीत, हसरा माणूस, कंजूष अजिबात दिसत नाही. आर्लोची ओरड त्याच्या कानावर गेली असावी, कारण आल्याआल्या मोठ्याने म्हणाला, "मी पाजलं नाही म्हणतोस? उपासाच्या पहिल्या शुक्रवारी तुझ्यापुढे ग्लास ठेवायला लावला मी ड्यूईला. कोपऱ्यातल्या स्टुलापुढे. तू गाडी हलवायला गेलास तेव्हा तो ग्लास माझ्या डोळ्यांदेखत तिथे होता."

कोपऱ्यातलं स्टूल. मी बसले होते तेच.

 आर्लो एरवी एवढा तोंडाळ, पण आपल्या ग्लासात बघत बसला. ऑरिनने टोपी काढली, परत घातली. मी डोकं दुखतंय म्हणून उठले. मासा अर्धा टाकला.

शनिवार, २३ मार्च

झोप नाही. सगळं परत परत मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं.

तो ग्लास आर्लोचा होता. ऑरिनने नव्हता पाठवला. अनोळखी बाई दुसऱ्याचं पेय पिऊन आपल्याकडे बघून हसतेय, म्हणून बिचाऱ्याने मागे वळून पाहिलं! मग दुसऱ्या शुक्रवारी एक पाठवला, नाहीतर मी तोंडघशी पडले असते. मग मी ताट घेऊन जाऊन बसले, आभार मानले. तो काय म्हणणार? आमच्या गावची माणसं पायावर कुणी पाय देऊन उभं राहिलं तर स्वतःच माफी मागतात. नको म्हणता येत नाही आम्हाला. मला तरी कुठे येतं? हॅलच्या आईची ती भयंकर जेली मी वीस वर्षं खाल्ली, दर वेळी परत वाढून घेतली.

मीच ती जेली झालेय. सहा शुक्रवार तो मला परत वाढून घेतोय.

लाज वाटते. लाजेपेक्षा जास्त, वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं. लोण्याची वाटी सरकवणारा माणूस आहे तो.

मंगळवार, २६ मार्च

ऑरिनचा फोन आला. उचलला नाही. पहिली नाव गुरुवारी येतेय, असा निरोप ठेवला होता.

गुरुवार, २८ मार्च

गेले नाही नाव बघायला. भोंगा मात्र घरापर्यंत ऐकू आला.

शुक्रवार, २९ मार्च, दुपार

आज जाऊन खरं सांगणार, त्याला मोकळं करणार. तंगडीची त्याची अर्धी कागदात बांधलीय. परत आले की फर्नला हो म्हणून फोन. लाल स्वेटर घातलेला नाही.

शनिवार, ३० मार्च

सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्याच. तो ग्लास तुझा नव्हता, मी वेडी, तू भला, आता सुटलास, ही तुझी अर्धी तंगडी.

त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "माहीत होतं," म्हणाला. "आर्लोपुढे ठेवताना मी बघत होतो. पण तू ग्लास बघून अशी हसलीस, मग माझ्याकडे बघून हसलीस. सहा वर्षांत माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं."

"म्हणजे सभ्यपणाच केलास ना?"

 तेवढ्यात पलीकडून आर्लोने आपला रिकामा ग्लास काउंटरवर आपटला. "बाई, सभ्यपणाला एक ग्लास पुरला असता. हा मला पाच आठवडे पाजतोय, तुम्हाला सांगू नये म्हणून. आता तुम्हाला कळलं, म्हणजे माझं बंद."

फर्नला फोन केला, नाही म्हटलं. ती रडली. मग म्हणाली, मे महिन्यात येते, बघते तरी कोण आहे हा. गिऱ्हाइकाला तिनेच कळवायचं कबूल केलं.

आर्लोचं बंद केलेलं नाही. ड्यूईला सांगून आलेय, पुढच्या शुक्रवारी कोपऱ्यातल्या स्टुलापुढे पालथा ग्लास, माझ्याकडून.