बारीक भेगा

जामनेर, ४ एप्रिल १९५५, संध्याकाळ

संताप जात नाही. शाळेच्या नव्या खोलीची भिंत पाहायला आज ओव्हरसियर साहेब आले. मी भिंतीच्या फटीत माझी लाल पेन्सिल घालून दाखवली. सबंध आत गेली, निघेना. साहेब हसले. म्हणाले, "गुरुजी, अहवालात 'बारीक भेगा' लिहा. काळ्या मातीत पडायच्याच."

बारीक? भेगा शेताला पडतात, टाचांना पडतात. शेताच्या पावसानं बुजतात, टाचांच्या तेलानं. भिंतीला जातो तो तडा, तो काय आपोआप भरून येतो? आमचे शिपाई आबा, कधी शाळेत न बसलेले, तेही म्हणाले, "गुरुजी, हाई भेग नही, तडा शे." साहेबांनी त्यांना पाणी आणायला पिटाळलं.

आणि मी? धमकी नव्हती, काही नव्हतं. साहेबांनी आपलं पेन पुढे केलं आणि मी 'बारीक भेगा' लिहून मोकळा झालो. वळणदार अक्षरात!

पेन्सिल अजून भिंतीतच आहे. उद्या सकाळी चौथीची पोरं त्याच भिंतीला पाठ टेकून बसतील, आणि मी त्यांना शब्दांचे अर्थ सांगेन.