सोळा कोअर आणि बदल्यांची यादी

आदरणीय भाऊजींना सादर नमस्कार.

मी, आपला एकुलता मेहुणा, वाणिज्य पदवीधर आणि एकोणीस वर्षे या कार्यालयाच्या बदली विभागाचा प्रमुख, आपणच लिहून दिलेल्या बदल्यांच्या प्रोग्रॅमविषयी हे पत्र लिहीत आहे. आपले गुडघे बरे असावेत आणि ताईचे आपल्या पथ्यावर लक्ष असावे. माझे लक्ष सध्या फक्त घड्याळावर आहे.

यादी चार वाजता साहेबांच्या टेबलावर हवी. न पोचल्यास पहिले नाव ते स्वहस्ते माझे घालणार आहेत. (हे ते हसत म्हणाले, म्हणूनच काळजी.) सोळा कोअरच्या, म्हणजे एकात सोळा मेंदूंच्या, प्रोसेसरचे नवे यंत्र मीच मागवले आणि वेग सोळापट होईल असे लेखी दिले. प्रत्यक्षात नऊपासून दीडपर्यंत अकराशे चाळीसपैकी पाचशे चाळीस नावे झाली. मिनिटाला दोन. उरलेल्या वेळात हवी होती चार.

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावले. "एक कोअर राबतोय, पंधरा बघत बसलेत," त्या म्हणाल्या. (शिपायाने लगेच सबंध विभागावरून जी नजर फिरवली, ती मला आवडली नाही.) त्या पंधरांनाही जुंपा, असे मी सुचवले.

"कसं जुंपणार? यादीतला आधीचा माणूस कुठून उठला ते कळल्याशिवाय पुढचा बसणार कुठे?"

मग त्यांची नजर आवरणाकडे गेली. धूळ बसू नये म्हणून मी यंत्राला मापाचे, अस्तराचे आवरण शिवून घेतले आहे. त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"रजई पांघरून पळायला लावलंत की याला!"

प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो, हे मला शिपायादेखत ऐकावे लागले. बटणे अठरा होती. ती सगळी मीच सोडवली. आता वेग मिनिटाला चारच्या किंचित वर आहे. यादी चारला दोन मिनिटे असताना संपावी. मध्येच दिवे लुकलुकतात, तेव्हा मी श्वाससुद्धा घेत नाही.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
बदली विभाग, यंत्रासमोरची खुर्ची,
१४ मे, दुपारी ३.४०

ता. क. यादी ३.५८ ला संपली आणि छापून वेळेत पोचली. पहिले नाव माझे आहे. एकाच जागी सर्वांत जास्त वर्षे बसलेल्याला आधी हलवावे, हा नियम मीच आपणांस लेखी कळवला होता. म्हणजे सकाळी नऊ वाजून अर्ध्या मिनिटातच माझा निकाल लागला होता. पुढचे सात तास मी इतरांसाठी घाम गाळला.

ता. क. २. बदली आपल्याच गावी झाली आहे. घर मिळेपर्यंत आपली मागची खोली मिळेल का? ताईला आपणच सांगावे; माझे धाडस होत नाही.

तोच मेहुणा,
तीच खुर्ची (सोमवारपर्यंत),
१४ मे, ४.२०