यादीतून गळलेले तांडे

१२ फेब्रुवारी
दुसरा तास चालू असतानाच प्राचार्यांचं बोलावणं. कलेक्टर कचेरीतून साहेबांचं पत्र आलंय. टंचाई वाढली. तालुक्यातल्या गावांना टँकर लावायचे, याद्या दर आठवड्याला बदलतात, हातानं लिहून कारकून थकले. लातूर नवा जिल्हा. माणसं कमी, अर्धी दप्तरं अजून उस्मानाबादहून यायची आहेत. आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर आलाय हे साहेबांना कुणीतरी सांगितलं.
"बिराजदारबाई, करून टाका," प्राचार्य म्हणाले.
मशीन दिवाळीपासून कापडाखाली झाकून आहे. औरंगाबादला जाऊन बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचा पंधरा दिवसांचा वर्ग मी एकटीनंच केलाय. गणित शिकवून बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी उपयोगाला येणार. हो म्हटलं. पायऱ्या उतरताना चक्क गुणगुणत होते.

१५ फेब्रुवारी
कचेरीतून गणपत राठोड आले. टंचाईचं टेबल त्यांच्याकडे. पन्नाशीचे, टोपी, सायकलच्या कॅरियरला रजिस्टरं बांधलेली. स्वतः लमाण, भेंडवडीच्या तांड्यावरचे. तिथले पहिले मॅट्रिक. अक्षर असं की माझे प्राध्यापक लाजतील.
"म्याडम, हे बगा. एका वळीत गाव, त्याच्याच फुडं त्याचा तांडा. मानसं येगळी लिहिलीत. तांडा गावापासून कोस कोस लांब ऱ्हातो, गावातल्या टँकरचं पानी तितं पोचत न्हाई. म्हनून खेपा बी येगळ्या पायजेत. साहेबांकडून तसं लिहून घेतलंय मी."
प्रत्येक ओळ बोट ठेवून समजावली. दोन तास. चहा नको म्हणाले.

१९ फेब्रुवारी
वर्गात म्हणते, क्ष काहीही माना. इथं चलाला हवं ते नाव देता येतं. औरंगाबादचे सर सांगायचे, चल म्हणजे डबा आणि नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी अशी लिहा की वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळावं. म्हणून तांड्याच्या लोकसंख्येला TANDA लिहिलं. सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यात चूक. टँकरच्या खेपांना TANKER. पुन्हा एरर. तासभर डोकं फोडलं. मग उमगलं. सुरुवातीच्या TAN ला मशीन त्रिकोणमितीतला टॅन समजतंय! एकटीच हसले.
तांड्याचं VASTI केलं, टँकरचं VAHAN. मशीन गुमान चाललं.

२४ फेब्रुवारी
जमलं. तीन गावं हातानं करून पाहिली, तंतोतंत. जिथं शून्य खेपा येतील ती ओळ छापायचीच नाही अशी अट घातली, कागद वाचतो.
साहेब स्वतः मशीन बघायला आले. "आठ दिवसांचं काम पाऊण तासात!" प्राचार्यांनी पेढे मागवले. राठोड मागं उभे होते, कागदाच्या पट्टीवरून बोट फिरवत.

१ मार्च
दु. ३ ला राठोड दारात. हातात यादी.
"म्याडम, एक इचारू का? तांडे कुटं गेले?"
मी परीक्षेचा पेपर काढत बसले होते, वर न बघताच बोलले. लोकसंख्या थोडी असेल, गावाच्या खेपेत बसले असतील.
"न्हाई, पर माझ्या रजिस्टरात तर..."
"भाऊसाहेब, माणूस चुकतो. मशीन नाही चुकत."
बरं म्हणाले. यादीखाली 'तपासली' म्हणून त्यांची सही लागते.

१८ मार्च
साहेबांचं शाबासकीचं पत्र. प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावलं. मुली येऊन वाचतात. मीही दोनदा त्या बाजूनं गेले.

८ एप्रिल, नांदेड
पेपर तपासणीला आलेय, ताईकडे मुक्काम. गोदावरीत नुसते धोंडे. कॉलेजातले देशमुख सर आज लातूरहून आले, त्यांच्याबरोबर राठोडांची चिठ्ठी.
"दोन-तीन तांड्यांवरची माणसं कचेरीत येऊन बसून राहिली. टँकर गावात येतो, गाववाले त्यांना भरू देईनात. म्हणतात, तुमचं नाव यादीत नाही. एकदा यादी बघाल का. आपला, ग. राठोड."
गठ्ठे संपायला अजून आठ-दहा दिवस. गेल्यावर बघू.

२० एप्रिल
काल आले. आज कॉलेजात पाय ठेवला आणि शिपाई मारुतीनं सांगितलं, राठोड निलंबित झाले.
भेंडवडीच्या तांड्यावरची सोमलीबाई विहिरीत पडल्या. तळाशी वाटीनं पाणी जमवायला उतरल्या होत्या, वर चढताना पाय निसटला. कमरेचं हाड. तांड्यावरची माणसं कचेरीपुढं बसली. साहेबांनी विचारलं, यादी कुणी तपासली? सही राठोडांची.
मारुती म्हणाला, "तांड्यावरले काय म्हनून राहिले म्हाईत हाय का बाई? आपल्याच मानसानं आपलं पानी तोडलं म्हनून."
खोलीत जाऊन मशीनवरचं कापड काढलं. समोर बसले, चालू केलं नाही. भीती वाटली. चुकलंच असेल याची.

२१ एप्रिल
सापडलं. अकरा वाजता बसले, साडेअकराला सापडलं. अर्धा तास.
भेंडवडी आणि तिचा तांडा, एवढी एकच ओळ घातली आणि प्रत्येक पायरीला VASTI मध्ये काय आहे ते छापायला लावलं. सुरुवातीला १८६. बरोबर. गावाच्या खेपा काढून झाल्या, पुन्हा छापलं. ३. गावाच्या खेपा तीन. एकशे शहाऐंशी माणसं गेली आणि त्यांच्या जागी तीन टँकर येऊन बसले.
मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं. मागून चौथ्या पानावर, बारीक अक्षरात: चलाचं नाव कितीही लांब द्या, मशीन पहिली दोनच अक्षरं ओळखतं. VASTI म्हणजे VA. VAHAN म्हणजे VA. मला दोन डबे दिसत होते, त्याच्या लेखी एकच डबा. मी खेपांचं उत्तर VAHAN मध्ये टाकत होते आणि दर वेळी तांड्याची माणसं पुसत होते. मग तीन माणसांच्या तांड्याला खेपा किती? शून्य. शून्याची ओळ छापायची नाही. अट माझीच. एकूण एक तांडा गेला.
हातानं पडताळलेल्या तिन्ही गावांना तांडाच नव्हता.
TANDA ला मशीन अडलं होतं, एरर तरी दाखवला. इथं हूं की चूं नाही.

२२ एप्रिल
नवी यादी सकाळीच कचेरीत नेऊन दिली. सगळे तांडे आहेत. टँकर उद्यापासून.
प्राचार्यांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.
"सुधारित यादी गेली ना? संपलं. कशामुळं चुकली हे कुणी विचारलंय का?"
राठोड निलंबित आहेत म्हटलं.
"ते लागतील परत. सरकारी माणूस आहे. तुमचं नि कॉलेजचं नाव मात्र जायचं. मशीन आणायला मी किती खेटे घातलेत, ठाऊक आहे ना?"
घरी निघून आले.

२४ एप्रिल
राठोडांकडे गेले. औसा रस्त्याला पत्र्याची खोली. त्यांच्या मंडळींनी आत या म्हटलं नाही, खुर्ची मात्र दारात आणून ठेवली.
सगळं सांगितलं. कागदावर दोन नावं लिहून पहिली दोन-दोन अक्षरं गोल केली. नीट ऐकलं त्यांनी.
"म्हंजे माझं रजिस्टर बरोबर व्हतं?"
"हो. आकडा न् आकडा."
कागदावरच्या गोलांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्याडम, तुमी त्या दिशी म्हनला, माणूस चुकतो. मी घरी येऊन रजिस्टर पुन्ना धरलं. तीन डाव बेरजा केल्या. बरोबरच येऊन राहिल्या. तरी दुसऱ्या दिशी जाऊन सही केली. म्हनलं, आपलंच कायतरी चुकून राहिलं असंल, आपल्याला कळंना."
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.
"तांड्यावर गेलो न्हाई म्हैना झाला. सख्खा भाऊ बोलंना."
माफी मागितली. मान हलवली त्यांनी, हो का नाही ते कळलं नाही. पोचवायला कोपऱ्यापर्यंत आले. एवढं करायला नको होतं त्यांनी.

२७ एप्रिल
सरकारी दवाखाना. सोमलीबाई कोपऱ्यातल्या खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. साठीच्या असतील. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सून पायाशी बसलेली.
"तू दवाखान्याची हायस का?"
"नाही. कॉलेजची."
"मग कशाला आलीस?"
संत्री आणली होती, ती खाटेवर ठेवली. बरं वाटतंय का विचारलं. दुखतंय म्हणाल्या. पाच मिनिटांत बाहेर आले. चूक माझी, हे सांगायलाच गेले होते.

२ मे
चार ओळींचं पत्र लिहिलं. चूक माझी, राठोड यांनी १ मार्च रोजी तांड्यांबद्दल विचारलं होतं, मी त्यांना परत पाठवलं. प्राचार्य पुढं पाठवेनात. स्वतःच कचेरीत नेलं.
साहेबांनी दोनदा वाचलं. "मशीनची चूक की माणसाची?"
"माझी."
"मग सही करणाऱ्यानं काय तपासलं?"
"त्यांनी तपासलं होतं, साहेब. त्यांचंच बरोबर होतं. मी त्यांना ते खोटं वाटायला लावलं."
कागद घडी करून ठेवला त्यांनी. पत्र फायलीला लावतो, चौकशी तिच्या क्रमानं होईल, म्हणाले.

१६ मे
चौकशीची तारीख पुढं गेली. का, ते कुणी सांगत नाही. प्राचार्य समोरून आले तर घड्याळ बघतात.
औरंगाबादची वही काढली. सरांनी शेवटच्या दिवशी पास्कल नावाची भाषा तोंडओळख म्हणून सांगितली होती. तिथं पोटकामाला, म्हणजे मोठ्या कामातल्या छोट्या कामाला, स्वतःचं घर असतं. आतलं नाव आतच राहतं, काम संपलं की संपतं, बाहेरच्या त्याच नावाच्या चलाला धक्का लागत नाही. आमच्या बेसिकमध्ये तसं नाही, सगळ्यांचा एकच वाडगा; खाली कुठंही हात घातला तरी वरचं सांडतं, जपून राहा, असं म्हणाले होते. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खाली दोन रेघासुद्धा मारल्यात.
पुढच्या वर्षी मुलींना हे पहिल्या दिवशी शिकवीन, असं लिहिणार होते. स्वतःचीच लाज वाटली. सोमलीबाईंच्या कमरेवर उभं राहून कसला धडा.

८ जून
राठोड स. ७ ला दारात. "तांड्यावर चाललो. येता का?" भेंडवडीपर्यंत एसटी, पुढं चालत. वाटेत फारसं बोलले नाहीत. एका ठिकाणी थांबून विहीर दाखवली. वाकून पाहिली. पायऱ्या अर्ध्यावर संपतात.
तांड्याचे प्रमुख थावरू नाईक लिंबाखाली बसले होते. राठोडांचा भाऊही होता, तोंड फिरवून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोन अक्षरांचं काही सांगितलं नाही. गणपतभाऊंनी तुमची नावं लिहिली होती, मला विचारलंही होतं, मी ऐकलं नाही, माझ्या हातानं ती पुसली गेली, एवढंच.
नाईकांनी चिलीम खाली ठेवली. "आता टँकर येऊन राहिला न्हवं?"
"येतोय."
"मग आमचं तुज्याकडं मागनं न्हाई. गनपतला आमी काय काय बोललो, ते आमचं आमी बगू." थोडं थांबून म्हणाले, "सोमलीला सांगितलंस का?"
नाही म्हटलं.
"तिला सांग. हिरीत ती पडली, आमी न्हाई."
भावानं राठोडांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. बोलला नाही, पण ठेवला. राठोड तिथंच राहिले. मी एकटी फाट्यावर आले.
लातुरात उतरून तशीच दवाखान्यात. सोमलीबाईंचा नुकताच डोळा लागलेला. बाकावर तासभर बसले. उठेनात. सुनेला विचारलं, घरी कधी सोडणार? डागदर कायच सांगंना, म्हणाली. मग म्हटलं, उद्या सकाळी लवकर येते, मला यांच्याशी बोलायचंय. आठला आमच्या गल्लीत सहा दिवसांनी नळ यायचाय, तो राहू दे, त्याआधीच येते.
"नगं बाई," सून म्हणाली. "पानी भरून या."