प्रोमिथिअसच्या सुटकेसाठी माझे अमरत्व

मी, कायरॉन, क्रोनोस व फिलिरा यांचा मुलगा, जात सेंटॉर (कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा), धंदा वैद्यकी व शिकवणी, राहणार पेलिऑन डोंगरावरची गुहा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडला आहे तो पुढचा डावा गुडघा. वय मोजणे मी केव्हाच सोडले.

१. आधी कारण. माझा शेजारी फोलोस याच्याकडे माझा जुना विद्यार्थी हेराक्लिस पाहुणा आला आणि त्याने दारू मागितली. रांजण सगळ्या सेंटॉरांच्या मालकीचा, पण दारी आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, म्हणून फोलोसने तो उघडला. वासावर सगळी जमात दगडधोंडे घेऊन धावली. हेराक्लिसने विषारी बाण सोडले. पळणारे माझ्या गुहेत शिरले आणि एक बाण मला लागला. मी तर दारूला शिवतसुद्धा नाही! या विषावर औषध नाही. दुसरा कोणी दुपारपर्यंत सुटला असता. मी अमर, म्हणून नऊ वर्षे सडतो आहे.

२. मुळ्या, खल आणि हाडे बसवायच्या पट्ट्या माझा विद्यार्थी ॲस्क्लेपिअस याला. बाबा रे, खल धुऊन ठेवत जा.

३. आई फिलिरा हिने मला जन्मताच पाहिले, किंचाळली, आणि देवांकडे मागून घेऊन झाड झाली. तिच्यावरचा राग मी कोणालाही देत नाही, तो अजून मलाच पुरतो. मात्र त्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावू नये.

४. प्रोमिथिअसने माणसांसाठी विस्तव चोरला, म्हणून देवांचा राजा झ्यूस याने त्याला कड्याला जखडले आहे. गरुड रोज त्याचे यकृत फोडतो, ते रात्रीत पुन्हा उगवते. कोणी अमर त्याच्यासाठी आपण होऊन मेला तरच सुटका, अशी झ्यूसची अट आहे. मी माझे अमरत्व त्यासाठी सोडतो. यात त्यागबिग काही नाही. मी फार थकलो आहे.

हे पत्र झ्यूसकडे हेराक्लिसने न्यायचे. तो इथेच बसून रडतो आहे.

"गुरुजी, मी नाही नेणार. एकदा मारलं तेवढं बास झालं."

"मारलंस कुठे? काम अर्धवट टाकलंस, गाढवा. ते पुरं कर."

५. गुहा व वीणा बायको कॅरिक्लो हिला. "आणि मी एकटीने इथे काय करायचं?" असे तिने आत्ताच विचारले. घरच्या माणसाची साक्ष नसेल तर झ्यूस हे पत्र परत पाठवील, हे तिला ठाऊक आहे.

"आज नको हो. उद्या कदाचित उतार पडेल."

"नऊ वर्षं उद्याच चाललाय, कॅरिक्लो. मी वैद्य आहे, मला नको सांगूस."

ती उठून बाहेर गेली आहे. तिच्या सहीची जागा रिकामी ठेवतो.

ठिकाण: पेलिऑन. द्राक्षतोडणीनंतरचा चौथा दिवस.

लिहून देणार: कायरॉन (सही)

साक्षीदार १: हेराक्लिस. वाचून दाखवले, समजले. पत्र नेतो.

साक्षीदार २: कॅरिक्लो, बायको. हे पूर्ण शुद्धीत आहेत. मला पटलेले नाही. पण रोज पट्टी बदलताना मला ओरडणे ऐकू येऊ नये म्हणून हे दोरी चावतात, आणि मी काही कळत नसल्यासारखे दाखवते. सही केली आहे.