ताईच्या डावीकडची खुर्ची

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे असं तू नेहमी म्हणतेस, तरी नेटाने वाच. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नकोस, ते मधेमधे विनोद करतात.

आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांना सध्या सकाळची पाळी आहे, पहिली बस हेच काढतात. त्यामुळे रात्री आठलाच घोरायला लागतात. दुकानात गर्दी आहे. परवा एक आजोबा आले, महिनाभर चष्म्यातून धड दिसत नाही म्हणून भांडायच्या तयारीने. बघते तर तो त्यांच्या बायकोचा चष्मा. बायको मजेत त्यांचा लावून घरी पेपर वाचत होती. तिची काही तक्रार नव्हती म्हणे.

तुझ्या साठीच्या जेवणाला दोन महिने होतील. त्या दिवशी मी तीनदा टेबलावरून उठले, हे खरं. तू चष्मा शोधायला माझी पर्स उघडलीस आणि कागदी रुमालात गुंडाळलेला पाव आणि कोंबडीचा तुकडा तुझ्या हाताला लागला, हेही खरं. पण तुझ्या हातचं मला आवडलं नाही म्हणून मी ते लपवलं, असं जे तू धरून बसली आहेस ते साफ खोटं आहे. मला सकाळपासून पित्त झालं होतं. तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून बोलले नाही, एवढंच.

त्यानंतर तू सगळ्यांसमोर जे बोललीस त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मी ते मनावर घेतलेलं नाही.

तुझे चालायचे बूट कसे आहेत? माझं वजन उतरलेलं बघून तू घेतलेस, तेव्हापासून मला चुकल्यासारखं वाटतंय. गुडघ्याला जप. उत्तर पाठव. नुसतं 'पोचलं' लिहिलंस तरी चालेल.

तुझी धाकटी बहीण


१९ मार्च

प्रिय ताई,

'पोचलं' एवढंही आलं नाही. भाऊजींनी मात्र ह्यांना फोनवर सांगितलं की पत्र तू दोनदा वाचलंस, ड्रॉवरमध्ये ठेवलंस आणि म्हणालीस, "पित्ताला माणूस एकदा उठतं. तीनदा नाही."

तुझ्यापुढे माझं कधी चाललंय? पित्त नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मी दुकानाच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेले होते ना, खरं तर गेलेच नव्हते. इस्पितळात होते. माझ्या जठराला वरच्या बाजूला एक पट्टी बसवली आहे, सिलिकॉनची, गोल. तिच्या वर अंड्याएवढी जागा उरते. तेवढी भरली की पोट भरल्यासारखं वाटतं. कातडीखाली बटणाएवढी एक डबी आहे. तिच्यात सुई घालून पाणी भरलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते. बत्तीस किलो त्यामुळे उतरले ताई, चालण्यामुळे नव्हेत. मी चालत होते, नाही असं नाही, पण बसथांब्यापर्यंत. तू गावभर सांगत सुटलीस की माझ्या बहिणीने चालून चालून वजन घालवलं, आणि स्वतः बूट घेऊन गुडघा सुजवून बसलीस. तुझ्या गुडघ्याचं पाप माझ्या माथी.

तुला का नाही सांगितलं? तू म्हणाली असतीस, तोंड आवरायला ऑपरेशन कशाला लागतं. कदाचित म्हणालीही नसतीस, मीच तुझ्या तोंडी घालतेय. पण ते ऐकायची माझी तयारी नव्हती. आयुष्यभर ऐकलंय.

जेवणाचे नियम आहेत. चमचा लहान घ्यायचा. घास वीस वेळा चावायचा, गिळला की चमचा खाली ठेवून मिनिटभर थांबायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. घरी हे जमतं. तुझ्याकडे पंधरा माणसं, सगळी एकदम बोलणार, त्यात तू आग्रहाची पक्की. बोलता बोलता पावाचा घास तसाच गिळला गेला आणि अडकला. अडकला म्हणजे छातीत दगड बसतो. तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि मग उठावंच लागतं. तू तिसऱ्यांदा वाढलंस तेव्हा नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून पर्स उघडली.

आता सगळं ठीक आहे. छान जेवते. काळजी करू नकोस.

हे पत्र साष्टांग नमस्काराने सुरू करून तुझी माफी मागावी असं मनात होतं. पण साष्टांग घालायचा तर आडवं व्हावं लागतं, आणि आडवं झालं की पोटातलं घशाशी येतं. तेव्हा उभ्या उभ्याच घालते, मानून घे.

तुझी, आता वजनात तुझ्याहून कमी भरणारी बहीण


२८ मार्च

ताई गं,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी पाठ केल्या. 'ऑपरेशन मला न सांगता केलंस हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. गुडघा बरा आहे. बूट शेजारणीला दिले. पोटभर जेव.'

शेवटचं वाक्य तू सवयीने लिहिलंस, मला कळलं. मी हसले. मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

ठीक नाहीये ताई. अकरा आठवडे झाले, घन म्हणावं असं पोटात काही राहत नाही. सूप, दूध, आणि आइस्क्रीम. आइस्क्रीम सुळकन उतरतं, म्हणून तेच खाते आणि स्वतःला शिव्या देते. झोपते ती तीन उशा लावून, जवळजवळ बसूनच. कंगवा केसांनी भरून येतो. परवा एका बाईच्या डोळ्यांवर फ्रेम बसवताना मलाच घेरी आली आणि मी तिचे खांदे धरले. तिला वाटलं, चष्मा बसवायची हीच पद्धत असेल. बिचारी ताठ बसून राहिली.

तुला माझं काम माहीत आहे. तीस वर्षं लोकांच्या कानांवर चष्मे बसवतेय. मी विचारते, घट्ट होतोय का? लोक आरशात बघत म्हणतात, छे, अगदी बरोबर बसलाय. आणि आठ दिवसांनी कानामागे जखम घेऊन येतात. मी चिडते. म्हणते, अहो, बोलायला काय झालं होतं? स्क्रू अर्धा फेरा सैल करायला मला किती वेळ लागतो?

इस्पितळातली नर्स मला तेच विचारते. घट्ट होतेय का? आणि मी म्हणते, छे, अगदी बरोबर बसलीय.

त्याहून वाईट ऐक. तुझ्या वाढदिवसानंतर आठवड्याने मी तिच्याकडे गेले आणि खोटं बोलले की हल्ली फार भूक लागते, अजून थोडी आवळा. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि आवळली. ही पट्टी इतकी घट्ट आहे ती माझ्या हट्टाने.

का, ते लिहायचं टाळत होते. आता लिहून टाकते. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खायची, आता माझ्याच घरचं पर्समध्ये कोंबते." सगळे हसले. मीही हसले. मनावर घेतलं नाही असं मागे लिहिलं, पण मनावरच घेतलं होतं. घरी येऊन ठरवलं की आता कुणाच्याच ताटातलं काही माझ्या पोटात जाता कामा नये.

ताई, मी उचलून खात नव्हते.

तू दहा वर्षांची होतीस, नुकतीच तापातून उठलेली. घास तुझ्या घशाखाली उतरत नसे. गालात धरून बसायचीस आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि बाबांचा नियम, ताट साफ झाल्याशिवाय उठायचं नाही. ते समोर पेपर वाचत बसायचे. पान उलटायला पेपर वर धरला की तेवढ्यात तू ताट माझ्याकडे सरकवायचीस. मी सहा वर्षांची, तुझ्या डावीकडच्या खुर्चीवर. मला वाटायचं, बाबांनी पेपर खाली घ्यायच्या आत संपलं नाही तर तुला मार बसेल. म्हणून न चावता गिळायचे. तेव्हाची ती घाई अजून गेलेली नाही, घास चावायला मला पंचावन्नाव्या वर्षी इस्पितळात शिकवावं लागलं.

बाबा तुला शाबासकी द्यायचे आणि मला ढब्बू म्हणायचे. आई शेजारणींना सांगायची, ही पोर नुसत्या हवेवर वाढते. तू मला बजावलं होतंस, कुणाला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. पन्नास वर्षं नाही. इस्पितळाच्या फॉर्मवर प्रश्न होता, जास्त खाण्याची सवय कधीपासून? मी लिहिलं, आठवत नाही.

तुझ्यामुळे मी जाड झाले असं म्हणत नाही हं. ते एक वर्ष होतं. पुढची सगळी वर्षं माझं मीच खाल्लं आणि आवडीने खाल्लं. उलट खरं सांगू? त्या वर्षी मी कुणाच्या तरी कामाची होते. ताट रिकामं झालं की तू टेबलाखालून माझा हात दाबायचीस, आठवतं? त्यासाठी मी आणखी एक ताट संपवलं असतं. म्हणून तुझं ते वाक्य लागलं. बाकी कुणी काहीही म्हणालं असतं तरी मी झटकून टाकलं असतं. ढब्बूची कातडी जाड आहे. पण ते तूच म्हणालीस.

झालं. लिहिलं. अक्षर आणखी बिघडलंय.

आता काम सांगते. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता पट्टी सैल करून घ्यायची वेळ घेतली आहे. ह्यांना रजा मिळेल, ते यायलाही तयार आहेत, पण मला तू हवी आहेस. मला सुईची भीती नाही. सैल झाली की पुन्हा भूक लागेल आणि मी परत होते तशी होईन, ही भीती आहे. गेल्या महिन्यात दोनदा वेळ घेतली आणि दोन्ही वेळा दाराशी जाऊन परत आले. हे ह्यांनाही माहीत नाही.

पाणी काढून झालं की नर्स एक पेलाभर पाणी प्यायला देते आणि विचारते, उतरतंय का? मी हो म्हणणारच. तू तेव्हा माझ्या तोंडाकडे बघ. खोटं बोलत असले तर तिला सांग. आपल्या घरात घशाखाली न उतरणं म्हणजे काय, हे तुझ्याइतकं कुणाला कळतं?

त्यानंतर दोन दिवस पातळच घ्यायचं आहे, तिसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं चालेल. तेव्हा तीन-चार दिवसांचे कपडे घेऊन ये. भाऊजींना म्हणावं, अंडं उकडता येतं ना, मग उपाशी मरत नाही तुम्ही.

त्या अंड्यातलं मी अर्धंच खाईन. उरलेलं तुझ्याकडे सरकवीन. समोर बाबा नाहीत, पेपर नाही, मला घाई करायची नाही आणि तुला रडायचं नाही. या खेपेला माझ्या डावीकडे तू बस. घास नीट उतरला की मी टेबलाखालून हात दाबीन, तोंडाने विचारत बसू नकोस.

खुर्ची पुसून ठेवली आहे.

तुझी,
ढब्बू