डुकरांच्या रक्ताचा निकाल

उंद्री, माघ महिना

प्रिय पुंजाजी,

पुण्याची नोकरी तुला मानवली, हे पोळ्याच्या सुमाराला तू जीपमधून उतरलास तेव्हाच दिसलं. गाल भरले होते, अंगावर पांढरा कोट होता. तुला पाहायला माय खाटेवरून उठून दारापर्यंत आली होती. तू मोठ्या डॉक्टरांना म्हणालास, "या बाईची डुकरं आहेत." मी तुझी सख्खी बहीण, तिथंच शेजारी उभी होते. तुझे भाऊजी एकेक डुक्कर दाबून धरत होते आणि तू कानाच्या शिरेतून रक्त काढत होतास. पोरांना मेंदूचा ताप येतो, तो डुकरांत होऊन गेला का, हे रक्तावरून कळतं असं डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी तुला विचारलं, "जनावराले काही होईन का?" तू हसलास.

दिवाळीनंतर निकाल घेऊन तू एकटाच आलास आणि थेट रंगरावांच्या ओसरीवर बसलास. त्यांची नात त्याच तापानं नुकतीच गेली होती. तानुबाई तिथं अंगण सारवत होती, तिनं सगळं ऐकलं. सगळ्या डुकरांच्या रक्तात रोग निघाला, असं तू सांगितलंस. रंगरावांनी विचारलं, "तुह्या बहिनीचीच ना बे ते डुकरं?" तू म्हणालास, "माझा काही संबंध नाही. तुम्हाला काय करायचं ते करा." आणि त्यांच्या कपातला चहा प्यायलास.

तू नांदुऱ्याला गाडीत बसलाही नसशील, तोवर त्यांच्या माणसांनी आमचा डुकरांचा गोठा पेटवला. गाभण डुकरीण भिंतीवर चढायला बघत होती. भाऊजी दार उघडायला धावले, तर त्यांना काठ्यांनी तिथंच पाडलं. खामगावच्या दवाखान्यात ते पाणी मागत मागत गेले.

पुढे मोठे डॉक्टर पुन्हा रक्त घ्यायला आले. जळकी जागा पाहिली. म्हणाले, "बाई, तुमची डुकरं बरी झालेली होती. रोग केव्हाच होऊन गेला होता, रक्तात नुसती त्याची खूण होती. त्यांच्यापासून आता कोणालाच धोका नव्हता. पुंजाजीला हे सगळं समजावून पाठवलं होतं मी." तुला समजलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यानं मला परत म्हणून दाखवलं होतं.

आता माय गेली. संक्रांतीच्या आधी अंथरुणाला खिळली, ती दाराकडेच तोंड करून पडून असायची. रोज विचारायची, "पुंजाजीले तार केली काय वं?" मी म्हणायची, "केली माय, येऊन राह्यला तो." तार मी केलीच नाही. शेवटी तिनं विचारणंही सोडलं. तुला कळूनही तू आला नाहीस, असं समजून ती गेली. अग्नी शेजारच्या निवृत्तीनं दिला. काल तेरावं उरकलं. हे तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच सख्खी बहीण,
जनका