मूळ भाषेत लावू नकोस

प्रिय बोकोबा,

मागे एकदा फोनवर तू म्हणाला होतास की नव्या फ्लॅटमध्ये संध्याकाळ अंगावर येते, आई, काहीतरी बघायला सुचव ना. मी हो म्हटलं आणि ते राहूनच गेलं. आता बसलेय लिहायला. एरवी फोनवर पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले असते, पण डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. हो, मला! तुझे बाबा खूश असतील असं तुला वाटेल, तर तसं काही नाही. ते बिचारे वही-पेन घेऊन घरभर माझ्यामागे फिरतात आणि मी काही लिहिलं नाही तर रुसतात. बंदी कशासाठी ते सांगते, पण आधी तुझं काम. चार ओळी लिहिल्या की मला उठून गॅलरीत एक चक्कर मारावी लागते, हल्ली बूडच टेकत नाही कुठे, तेव्हा अक्षर जागोजागी बदललेलं दिसलं तर नाक मुरडू नकोस.

एक अट आहे. जे जे सांगेन ते डब केलेलंच बघायचं. मूळ भाषेत लावू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे, मूळ आवाज आणि खाली पळणारी अक्षरं. वर मलाच ऐकवतोस की डबिंगमध्ये मजा जाते. जिने सगळा जन्म काचेमागे हेडफोन लावून परक्या बायकांच्या ओठांत शब्द बसवण्यात घालवला, तिला हे सांगायचं म्हणजे तुझी कमालच आहे! एकदा तर म्हणालास, "आई, ती नटी रडते तेव्हा मला तिच्या जागी तू गाऊनमध्ये दिसतेस." त्यावर मी किती हसले होते. आता दिसू दे मी गाऊनमध्ये. रिमोटवर आवाजाची भाषा बदलायचं बटण असतं, ते शोध आणि दाब.

सुरुवात कर बर्फातल्या पोलिसांच्या मालिकेपासून. पहिला भाग रेटून काढ, त्यात लोक नुसते गाडीतून उतरतात आणि धाडकन दार लावतात. पण ती इन्स्पेक्टर बाई आली की बघ, आवाज माझाच. कोणाला घाबरत नाही, कोणाशी गोड बोलत नाही, अगदी माझ्यासारखी, फक्त तिच्याकडे पिस्तूल आहे. शेवटच्या भागात चौकशीच्या खोलीत ती एका आईला विचारते की मुलगा शेवटचा कधी दिसला, आणि त्या एका वाक्यावर तिचा आवाज फाटतो. नीट ऐक. डायरेक्टर हेडफोनमधून ओरडला होता, "ताई, कमाल! हेच ठेवायचं!" बाहेर आल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली, आमच्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनेसुद्धा, जो कधी कुणाला बरं म्हणत नाही. मीही मान डोलावली. पण बोकोबा, ते मी केलं नव्हतं. आवाज आपला आपणच फाटला होता.

मग गोळ्या झाल्या, वाफा झाल्या, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. तुला फोनवर सांगत राहिले की एसीने घसा बसलाय. एसी बिचारा निर्दोष आहे. घशात गाठ निघाली, आणि ती चांगली नाही. पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. त्यानंतर मला बोलता येणार नाही. झालं, लिहिलं एकदाचं. डॉक्टर म्हणतात वेळेवर सापडलंय, जिवाला धोका नाही, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरी मला भीती वाटते. खूप वाटते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाते, कपाट उघडते, काय हवं होतं ते आठवत नाही, पुन्हा लावते. तुझे बाबा म्हणाले मी फोन करून सांगतो त्याला, पण त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोनवर ओरडून बोलतात, आणि ही बातमी कोणी ओरडून सांगायची नसते. म्हणून म्हटलं मीच लिहिते. तुझी नोकरी नवीन, सहा महिने रजा मागायची नाही असं तूच सांगितलेलंस, त्यामुळे एवढे दिवस गप्प राहिले. चिडशील माहीत आहे. चीड, पण पत्र पुरतं वाच.

आता दुसरं, एक सिनेमा. हा लहान मुलांचा आहे, हसू नकोस. एक काटेरी साळू असते आणि तिचं पिल्लू. पिल्लू मीच आहे. त्या वेळी माझं सगळ्या पोरांच्या आवाजांचं काम जोरात होतं, आणि तू घरी ताप येऊन पडला होतास. पिल्लाचा सूर काही केल्या सापडेना. घरी आले, औषधाचा चमचा तुझ्या तोंडापुढे धरला, तर तू घोगऱ्या आवाजात नाकातून म्हणालास, "पण का?" दुसऱ्या दिवशी तोच "पण का" मी माइकसमोर ठेवला. म्हणजे ते पिल्लू तू आहेस. गेल्या आठवड्यात दुपारी मी तो सिनेमा पुन्हा लावला आणि त्या ठिकाणी मला इतकं भरून आलं की बाबांना वाटलं दुखतंय. धावत जाऊन पाणी घेऊन आले. मी वहीत लिहिलं, "साळू." त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला रडता रडता हसू फुटलं.

समुद्राकाठच्या लाँड्रीतल्या दोन बहिणींचा एक सिनेमा आहे, त्याचं फार कौतुक ऐकलं होतं. त्यात जवळजवळ कोणी बोलतच नाही. नुसत्या चादरी झटकतात, घड्या घालतात आणि खिडकीबाहेर बघतात. अर्धा तास कसाबसा बसले आणि मग बंदच केला. शांतता किती सुंदर असते म्हणे! ज्यांना हवं तेव्हा बोलता येतं त्यांना असेल सुंदर. तुला आवडेल कदाचित, तू लहानपणापासून तसा घुमाच.

राजवाड्याची ती लांबलचक मालिका मात्र सगळी बघ. त्यातली थोरली राणी मी. सगळ्यांना विष घालते, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या हातातला कप थरथरावा. तिच्यामुळे काय घोटाळा झाला ते सांगते. हॉस्पिटलमध्ये बोलण्याचे उपचार करणारी एक मुलगी आहे, थेरपिस्ट. गोड आहे, पण शिस्तीची. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी तुमच्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू, मग पुढे तुम्ही टॅबवर जे टाइप कराल ते तुमच्याच आवाजात ऐकू येईल. मी म्हटलं हात्तिच्या, हे तर माझं रोजचं काम! रेकॉर्डिस्टने स्टुडिओ दिला, लाल दिवा लागला, मी वाक्यांचा गठ्ठा एका बैठकीत उरकला. कुठे अडखळणं नाही, कुठे रीटेक नाही. दोन दिवसांनी तिने नमुना म्हणून टॅबवर टाइप केलं, "मला थोडं पाणी द्या." आणि त्या टॅबमधून थोरली राणी बोलली! तुझे बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना, ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही.

ती मुलगी म्हणाली, ताई, ॲक्टिंग नको, तुमचा स्वतःचा आवाज द्या. पुन्हा गेले. या वेळी म्हणे मी साबण विकत होते. तिसऱ्यांदा इन्स्पेक्टर. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून हात जोडून म्हणाला, "बाई, साधं बोला हो." अरे, साधं म्हणजे कसं? लाल दिवा लागला की माझा घसा आपोआप कुणाचा तरी होतो, कुणाचा ते मलाही आधी कळत नाही. मग युक्ती काढली, तुझ्या बाबांना समोर स्टुलावर बसवलं आणि म्हटलं यांच्याशी बोलते. पण त्यांच्याशी मी गेली कित्येक वर्षं ओरडूनच बोलते. मशीनसाठीची झाडून सगळी वाक्यं भांडणाची झाली. रेकॉर्डिस्ट हसला, बाबाही हसले, मीच काय ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. सगळ्यांचे आवाज काढून झाले आणि माझा सापडत नाही, म्हणजे काय चेष्टा आहे ही! आणि आवाज रोज थोडा थोडा कमी होतोय. थेरपिस्ट आणि डॉक्टर दोघंही म्हणाले, आता रोजचं बोलणं पूर्ण बंद, जो आवाज उरलाय तो एका शेवटच्या रेकॉर्डिंगला ठेवा. म्हणून ही बंदी. म्हणून घरात हे वही-पेन.

परवा गॅलरीत फेऱ्या मारताना मनात सगळ्यांशी बोलून बघितलं. शेजारणीशी बोलते तो आवाज वेगळा, माझा वरचढपणा दाखवायचा. डॉक्टरांशी बोलते तो शहाण्या पेशंटचा. माझ्या बहिणीशी बोलते तो तक्रारीचा. मग तुला फोन करते तेव्हा कशी बोलते ते आठवून बघितलं, आणि आठवेना. काही सूरच नव्हता त्याला. ती मुलगी जो मागते आहे तो हाच असणार. तुझ्याशी बोलताना मी कुणाचंच काम करत नाही, बोकोबा.

म्हणून लिहिलं हे सगळं. सिनेमे काय, निमित्त होतं, तुझी आई एकदम मुद्द्यावर कधी आली आहे का? ते तू कधीही बघ, ते कुठे पळून जात नाहीत. या रविवारी स्टुडिओ मोकळा आहे आणि रेकॉर्डिस्ट सुट्टी मोडून येणार आहे. तू ये. रजा मिळत नसेल तर साहेबाला हे पत्र दाखव, नाहीतर सरळ न विचारता ये. काही करायचं नाहीये तुला, फक्त माइकच्या पलीकडे बसायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचं. वाक्यं थेरपिस्ट देईल, मी ती तुला म्हणेन. त्यात नसलेलं एक वाक्य मी माझं घालणार आहे. एकटीने, बंदी मोडून म्हणून बघितलं, चार वेळा, चारी वेळा खोटं आलं. "अरे, मी बोलतेय." एवढंच. पुढे कधीतरी तुझा फोन वाजेल, तू उचलशील, पलीकडून ते मशीन हेच म्हणेल, आणि तेव्हा तुला "कोण?" असं विचारावं लागू नये.

तुझीच,
आई